भिंतीकडे तोंड करून

कौशल्याबाई धकाते यांना लवकर राग येतो, असे मोहाडीच्या कोष्टी मोहल्ल्यात सगळे म्हणत. ते खरे नव्हते. त्यांना राग उशिरा येई. पण एकदा आला की तो पाहुण्यासारखा चार दिवसांनी जात नसे, मुक्कामाला राही. १९८२ साली मे महिन्यात आलेला राग वर्षभर त्यांच्या घरात राहिला. त्या रागाची ही हकीकत आहे.

कौशल्याबाई पवनीच्या. १९६९ साली लग्न होऊन मोहाडीला आल्या, त्या थेट मागाच्या घरात. नवरा सेवकराम कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, लुगडे विणायचा. कौशल्याबाई उकळलेल्या कोशातून तार काढून ती उघड्या मांडीवर तळहाताने वळत आणि सूत करत. तेरा वर्षांत त्यांच्या उजव्या मांडीवर तळपायासारखा घट्टा पडला होता. सासू गोदावरीबाई सुताच्या कांड्या भरत आणि घरावर लक्ष ठेवत. सेवकराम कमी बोलणारा माणूस. मागाचा खटखटाट सुरू असला की त्याला न बोलायला कारणही मिळे.

१९७२ साली पुष्पा झाली. रंगाने उजळ, डोळे मोठे, ओठ धड. तिसऱ्या दिवशी पाजलेले दूध नाकातून बाहेर आले तेव्हा सुईणीने बोट घालून पाहिले. टाळूला आतून फट होती. सासूबाईंनी तिथेच निकाल दिला. "गिरानात कोसा उकलला यीनं. मी नको म्हणत होती." कौशल्याबाईंना चांगले आठवत होते. त्या ग्रहणाच्या दिवशी कोसा उकलायला सासूनेच बसवले होते, कारण व्यापाऱ्याचा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्या तेव्हा बोलल्या नाहीत. पहिलटकरीण सासूला उलटून बोलत नसते.

पुष्पा बोलायला लागली ती नाकातून. तिच्या तोंडातून 'प' निघत नसे, 'ब' निघत नसे, 'ट' आणि 'क' तर घशातच अडकत. पाण्याला ती 'मानी' म्हणे. बापाला हाक मारी तीही 'मामा' अशी. मोहल्ल्यातल्या बायका पाण्याला जाता-येता सेवकरामला चिडवत, "का हो मामा, भाची काय म्हणते?" तो मान खाली घालून धोटा फेकत राही.

घरात मात्र तिचे काही अडत नसे. तिने हात दाखवला की आजी उठून गूळ देई. तिने डोळे वळवले की बाप मडक्यातले पाणी ओतून देई. घरातली तिन्ही माणसे तिचे सगळे बोलणे समजत, आणि बाहेरचे कोणी आले की तिच्या आधी तिचे उत्तर देऊन टाकत.

शाळेत ते चालेना. पहिली-दुसरीत सगळ्यांना वर घालत म्हणून ती वर गेली. तिसरीत यादोराव गुरुजींचा वर्ग होता. लेखीत पुष्पाला चांगले गुण पडत, अक्षरही मोत्यासारखे. तोंडीत शून्य. १९८१ साली ती नापास झाली. त्याच वर्षी मे महिन्यात सेवकरामने हिंमत केली आणि तिला नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी टाळू शिवली. बारा दिवसांनी पोरगी घरी आली तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले. टाळू जुळली, आता वाचा आपोआप येईल, असे सगळ्यांनी धरून चालले. फाटलेले कापड शिवले की कापड झाले, तसे.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली होती. इंग्रजीत होती. सेवकरामला वाटले, दवाखान्यातून सुटी दिल्याची चिठ्ठी. गोदावरीबाईंनी ती हातात घेतली, तिला हळदकुंकू लावले आणि देव्हाऱ्यात कुलदेवतेच्या टाकाखाली ठेवली. नातीला देवीने हात दिला, त्याचा तो कागद होता. रोज सकाळी त्याच्यावर फूल पडू लागले.

वर्ष गेले. पुष्पा तशीच बोलत राहिली. एक मे १९८२ ला निकाल लागला आणि ती पुन्हा तिसरीत नापास झाली.

त्या दिवशी माग बंद होता. सेवकराम ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "आणखी एक साल पाहू. पुढच्या सालीही नापास झाली त नाव काढून घेतो शाळेतून. कांड्या भरन आजीसंगं."

"दहा वर्षांची पोर हाय," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मी दहा वर्षांचा होतो तवा मागावर बसलो."

"तुमाले बोलता येत होतं."

"मंग काय उपयोग झाला त्याचा?" सेवकराम म्हणाला. त्यावर गोदावरीबाई हसल्या. कौशल्याबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्याचे सगळे कागद गोळा केले. देव्हाऱ्यातला कागदही फूल झटकून उचलला. सासूबाईंनी "अवो, देवातला हाय तो" म्हटले, तरी उचलला. पुष्पाला घेऊन त्या यादोराव गुरुजींच्या घरी गेल्या. ऑपरेशन झालेले आहे, पोरगी मुकी नाही, तुम्ही शून्य कसे देता, असे भांडायला गेल्या होत्या.

गुरुजी अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी कागद एकेक करून पाहिले. हळदीचे डाग पडलेली चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

"बाई, ही वाचली होती का कोणी?"

"सुटीची हाय ते."

"सुटीची नाही. वाचा सुधारण्यासाठी दर पंधरा दिवसांनी घेऊन या, असं लिहिलं हाय. खोली नंबर एकोणीस. तारीख पाहा, मागच्या सालच्या मे महिन्याची हाय." गुरुजींनी चष्मा काढला. "एक साल घालवलं तुमी. आन् माह्याशी भांडायले आल्या."

कौशल्याबाईंनी कागद गोळा केले. रस्त्याने येताना पुष्पाने दोनदा काहीतरी विचारले, त्यांनी पाऊल आणखी उचलले. घरी येऊन त्यांनी चिठ्ठी मागावर, विणत असलेल्या लुगड्यावर ठेवली. सेवकरामला धोटा थांबवावा लागला.

"हा कागद देवाले नोयता दिला," त्या म्हणाल्या. "आपल्याले दिला होता. एक साल फुलं वाहिली तुमी त्याच्यावर. तुमीबी, तुमच्या मायनंबी." मग म्हणाल्या, "आन् मीबी." शेवटचे वाक्य त्यांनी सर्वांत मोठ्याने म्हटले.

पुढच्या बुधवारी पहाटेच्या एसटीने त्या पुष्पाला घेऊन भंडाऱ्याला आणि तिथून नागपूरला गेल्या. एकट्या नागपूरला जाण्याची त्यांची ती पहिली वेळ. एकोणीस नंबरच्या खोलीत उषाबाई नावाच्या बाई होत्या. पस्तिशीच्या, किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. येणारे लोक त्यांना बोलायची डाक्टरीण म्हणत. त्यांनी चिठ्ठी पाहिली, तारीख पाहिली, हळदीचे डाग पाहिले.

"कुठे होता इतके दिवस?"

"देवात होती चिठ्ठी," कौशल्याबाई म्हणाल्या.

उषाबाईंनी कपाळाला हात लावला. मग पुष्पाला खुर्चीवर बसवून तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरला आणि 'पापा' म्हणायला लावले. आरशावर वाफ धरली. "पाहा. हवा तोंडातून यायला हवी, ती नाकातून पळते आहे. टाळू शिवली, पण तिला काम करायची सवय नाही. दहा वर्षांची खोड आहे, औषधाने जायची नाही. घरी रोज बसावं लागेल. घरी तिचं बोलणं समजतं का?"

"सगळं समजते."

"सगळं?"

"माय हाय मी तिची."

उषाबाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. कौशल्याबाईंना तिच्यावर बसायला सांगितले. पुष्पाच्या समोर त्या एकेक वस्तू धरणार, पुष्पा तिचे नाव घेणार आणि आईने मागे वळून न पाहता काय ऐकू आले ते सांगायचे. कौशल्याबाई जरा तोऱ्यातच बसल्या.

दहा वस्तूंपैकी तीन ओळखता आल्या. पाचव्या वस्तूला त्या वळून पाहणार होत्या, उषाबाईंनी त्यांचा खांदा धरून परत फिरवले. दहावी झाल्यावर त्या तशाच भिंतीकडे पाहत बसून राहिल्या.

"तुम्ही तिचं ऐकत नाही," उषाबाई म्हणाल्या. "तुम्ही तिला पाहता. तिच्या हाताकडे, डोळ्यांकडे पाहून ओळखता. घरात सगळे तसंच करतात ना? मग ती कशाला बोलेल?"

परतीच्या एसटीत पुष्पाला खिडकी मिळाली. कौशल्याबाई संपूर्ण रस्ता स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. सासूवर रागावणे सोपे होते, नवऱ्यावर त्याहून सोपे होते. पण दहा वर्षे या पोरीचे तोंड आपणच झाकून धरले, हे कोणाच्या अंगावर टाकावे ते त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा नियम लागू झाला. पुष्पाने काही मागितले की ऐकणाऱ्याने आधी भिंतीकडे तोंड करायचे. पाठमोऱ्याने समजले तरच द्यायचे. रोज सकाळी माग सुरू होण्याआधी आणि दुपारी जेवणानंतर अर्धा-अर्धा तास सराव. उषाबाईंनी तळहातावर कापूस ठेवून तो 'प' म्हणत उडवायला सांगितले होते. कौशल्याबाईंनी कापसाऐवजी कोशाचा भुसभुशीत कचरा घेतला. सुतातून उरलेला तो पिंजका कापसाहून हलका असतो, जरा वारा लागला की उडतो. नाक चिमटीत धरून पा, पी, पू. मग नाक सोडून पा, पी, पू. पिंजका जागचा हलला नाही की पुन्हा.

पहिल्या आठवड्यात पुष्पाला मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात तिने आजीकडे तक्रार केली, हातवारे करून. गोदावरीबाईंनी पदराआडून तिला गूळ दिला. ते कौशल्याबाईंनी पाहिले.

"आत्याबाई, गूळ काहून दिला?"

"लेकरू हाय. भुकेलं होतं."

"भुकेलं होतं त त्याले म्हणू द्या."

"कसाईण झाली तू. पोरीले गूळ देत नाही, पाणी देत नाही. लोकं काय म्हणत असतील?"

"लोकं तिले मुकी म्हणते. आन् तुमी रोज थोडं थोडं करून तिले मुकीच ठेवता, गूळ देऊन देऊन."

गोदावरीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सेवकराम म्हणाला, "मायले मनव." कौशल्याबाई म्हणाल्या, "तुमीच मनवा. भिंतीकडे तोंड करून." तो उठून मागावर गेला.

जुलैमध्ये भलतेच झाले. पुष्पा 'ट'वर अडली होती. तीन दिवस तिच्या जिभेचे टोक जागेवर लागत नव्हते. चौथ्या दिवशी तिने सरावाचा आरसा उचलून ओट्यावर आपटला. कौशल्याबाईंनी तिला मारले. एक चापट नव्हे, चार-पाच. सेवकराम मागावरून उतरून मध्ये आला तेव्हा थांबल्या. त्यानंतर पुष्पा चार दिवस काहीच बोलली नाही. खाणाखुणाही केल्या नाहीत. तहान लागली की उठून स्वतः पाणी घेई.

बुधवारी हे उषाबाईंना सांगावे लागले. कौशल्याबाईंनी लपवले नाही. उषाबाई चिडल्या. "मारून 'ट' निघत नाही. एकदा स्वतः करून पाहा, तिला काय करावं लागतं ते." त्यांनी कौशल्याबाईंना जिभेचे टोक खालच्या दातांमागे दाबून धरायला लावले आणि तसेच 'टोपली' म्हणायला सांगितले. पुष्पाला भिंतीकडे बसवून ऐकायला लावले. कौशल्याबाईंच्या तोंडातून जे निघाले ते ऐकून पुष्पाच्या पाठीला हसण्याने गचके बसू लागले. पाच दिवसांनी तिच्या तोंडातून आवाज निघाला होता.

त्या दिवसापासून अर्धा वेळ पुष्पा बोले आणि आई ऐके, अर्धा वेळ आई जीभ अडकवून बोले आणि पुष्पा चुका काढी. चुका काढण्यात ती आईवरच गेली होती. "आई, पुन्हा म्हण. नाही समजलं," असे ती नाक वर करून सांगे. तेवढे सांगता सांगता तिचे 'पुन्हा' सुधारले. कौशल्याबाईंचा हात पुन्हा उठला नाही. राग गेला म्हणून नव्हे. त्यांनी तो दुसरीकडे वळवला.

तो वळला धनीरामच्या किराणा दुकानाकडे. पुष्पा दुकानात गेली की धनीराम तिच्या हातातली बाटली पाहूनच तेल मोजायचा. कौशल्याबाईंनी जाऊन बजावले, "माही पोरगी आली का भिंतीकडे तोंड करत जा."

"गल्ल्याकडे पाठ करू? दुकान लुटून नेतील ना बाप्पा."

"तिच्यानं नाही लुटत. बाकीच्याइले मी पाहतो," त्या म्हणाल्या, आणि खरेच दारात उभ्या राहिल्या. धनीराम हसत हसत वळला. पहिल्या दिवशी तिने तीळ मागितले तर त्याने मीठ दिले. कौशल्याबाईंनी मीठ परत करू दिले नाही. घरी नेले आणि तिळासाठी पुष्पाला पुन्हा पाठवले. दिवाळीपर्यंत ती चार जिनसांपैकी तीन बरोबर आणू लागली. जानेवारीत तिने बापाला 'बाबा' अशी हाक मारली तेव्हा सेवकरामने धोटा हातात धरला आणि म्हणाला, "पुन्हा म्हण." मग तोंड फिरवून विणायला लागला. त्या दिवशी त्याच्या लुगड्याच्या काठात दोन तारा चुकल्या. गोदावरीबाईंनी दाखवल्या, पण उकलायला लावल्या नाहीत.

एप्रिल १९८३. लेखी परीक्षा झाली. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी पुष्पा शाळेतून आली आणि म्हणाली, "गुरुजी म्हणाले, उद्या आली नाही तरी चालते. मी मार्कं टाकून देतो."

कौशल्याबाई मांडीवरचे सूत सोडून उठल्या.

सकाळी त्या पुष्पाबरोबर शाळेत गेल्या. वर्गात अजून पोरे जमत होती. यादोराव गुरुजींनी त्यांना पाहिले आणि आधीच हात जोडले.

"बाई, भांडू नका. मी तिले पास करतो. पस्तीस टाकतो. सेवकराम शाळेतून काढणार म्हणते, मले माहीत हाय. पोरीचं साल जाणार नाही."

आणखी कोणी असती तर पाया पडून घरी गेली असती. हवे ते मिळाले होते. कौशल्याबाईंच्याही मनात क्षणभर आले, की घ्यावे आणि जावे. परीक्षा घेतली आणि पोरगी अडली, तर नाव निघणार होते. त्यांनी विचारले, "न ऐकता पस्तीस?"

"पोरं हसतात तिले. चारचौघांत कायले तिची फजिती?"

तेव्हा पुष्पा बोलली. "मागच्या सालीही मले उभंच केलं नोयतं. त्याच्या मागच्या सालीही."

गुरुजींनी जोडलेले हात खाली घेतले. पुष्पाचे बोलणे कोणी त्यांना समजावून सांगितले नव्हते, तरी ते समजले होते.

"दोन साल शून्य दिलं," कौशल्याबाई सावकाश म्हणाल्या. "न ऐकता. मागच्या साली मी तुमच्या अंगणात आली तवा तुमी मले म्हटलं, एक साल तुमी घालवलं. मी मान खाली घालून गेली. तवा हे काहून नाही सांगितलं?"

"दया आली म्हणून उभं नाही केलं, बाई. खोटं नाही सांगत."

"पोरं हसली असती त ती रडली असती. रडून झालं असतं. साल त नसतं गेलं." त्यांचा आवाज चढला नाही, दारातली पोरे मात्र मागे सरकली. "मले तुमचे पस्तीस नाही पाहिजे. परीक्षा घ्या. नापास झाली त नापास लिहा. पण भिंतीकडे तोंड करून ऐका. आमच्या घरी तसंच ऐकतात. नागपूरच्या डाक्टरणीनं सांगितलं हाय."

"शिक्षकानं पोराइसमोर भिंतीकडे तोंड करून बसायचं?"

"पोराइले बाहेर पाठवा. मी दारात उभी राहतो."

गुरुजींचे वय छप्पन होते. एकतीस वर्षे त्यांनी पोरांना भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. त्यांनी हजेरीपट मिटला. मग त्यांनी पोरांना मैदानावर पाठवले, खुर्ची फिरवली, पाटी-पेन्सिल घेतली आणि पुष्पाला म्हणाले, "पुस्तकातलं कोणतंही पान काढ. दहा वाक्यं वाच. मी लिहितो."

पुष्पाने पान काढले. पहिले वाक्य वाचले. पेन्सिल पाटीवर करकरली. दुसरे, तिसरे. चौथ्या वाक्याला पेन्सिल थांबली.

"नाही समजलं," गुरुजी भिंतीला म्हणाले.

पुष्पाने आईकडे पाहिले. कौशल्याबाईंना वाक्य समजले होते. पोरीच्या भुवया, हनुवटी आणि पुस्तकावरचे बोट पाहूनच समजले होते, आणि ते त्यांच्या जिभेवर आले होते. त्यांनी पदराचा बोळा करून दातांत धरला आणि मैदानाकडे तोंड फिरवले.

पुष्पाने वाक्य पुन्हा वाचले, सावकाश. पेन्सिल हलली नाही. ती थोडी थांबली आणि पुढच्या वाक्याला गेली. करकर ऐकू आली. सातवे वाक्यही हुकले. नववेही.

गुरुजींनी खुर्ची फिरवली, पुस्तक घेतले आणि पाटीशी ताडून पाहिले. "दहातली सात," ते म्हणाले. त्यांनी तोंडीच्या रकान्यात सत्तर लिहिले आणि शाई वाळेपर्यंत आकड्याखाली बोट धरून बसले. "पास हाय, बाई. लिहून दिलं. सेवकरामले सांगा."

पुष्पा दप्तर भरू लागली. कौशल्याबाई दारातच उभ्या होत्या.

"आता तरी राग सोडा," गुरुजी म्हणाले.

"चौथीले कोणते गुरुजी हायेत?"

"मीच. यंदापासून चौथी माह्याकडे दिली."

कौशल्याबाईंनी थोडा विचार केला. मग पुष्पाला गुरुजींच्या पाया पडायला सांगितले. स्वतः मात्र पडल्या नाहीत.